न कोसळलेला कडा

पुसदसारख्या गावी आयुष्य घालविलेल्या मनुष्याने हिमालयातील बर्फासंबंधी लेखणी उचलावी, हे पाहून वाचकांस हसू आले तर त्यात त्यांचा काही दोष नाही. आमचे गाव पूस नदीच्या काठी, कापूस-ज्वारीच्या मुलखात वसलेले. भोवती डोंगर आहेत, पण ते सागाचे आणि उन्हाळ्यात करपून जाणारे. आकाशातून पडलेले बर्फ आम्ही पाहतो ते गारांच्या रूपाने, आणि ती आठवणही सुखाची नसते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तिने उभ्या गव्हाहरभऱ्याची काय दशा केली हे येथील शेतकरी अद्याप विसरलेला नाही. त्यापलीकडे बर्फाशी आमचा संबंध उसाच्या रसातील खड्यापुरता. तथापि गेली चार वर्षे ज्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला आहे, तो मजकडे बर्फावरूनच चालत आला. आणि त्याचा समाधानकारक निकाल मला अजून लावता आलेला नाही. निदान तो नीट मांडता यावा, एवढ्यासाठी हा प्रयत्न.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यास एका कारखान्यात इंजिनियर आहे. सह्याद्रीतील किल्ले पालथे घालून झाल्यावर आजकालच्या अनेक तरुणांप्रमाणे त्यासही हिमालयाची ओढ लागली, आणि चार वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात दहा-बारा सोबत्यांसह तो उत्तराखंडातील एका शिखराच्या वाटेस लागला. शिखर फार उंच नव्हे. हौशी लोकांनी भर हिवाळ्यातही चढून जावे अशांपैकी. तंबू, भोजन, खेचरे आणि एक स्थानिक वाटाड्या अशी सर्व व्यवस्था एका व्यावसायिक संस्थेने केली होती. शेवटच्या दिवशी मंडळी पहाटे तीन वाजता निघाली. शिखर तासाभराच्या अंतरावर स्पष्ट दिसत असता एका रुंद, पांढऱ्याशुभ्र उताराच्या कडेशी वाटाड्या थांबला. त्याने हातातील काठी बर्फात दोन-तीन ठिकाणी खुपसून पाहिली, थोडे खणून पाहिले, काही वेळ वरच्या धारेकडे निरखून पाहिले, आणि येथून परत फिरायचे असे सांगितले. मंडळींनी विनविले, मग ती रागावली, शेवटी पैशांची भाषा झाली. तो बधला नाही. इतक्यात मागून दुसऱ्या दोन तुकड्या आल्या. त्या या लोकांच्या डोळ्यांदेखत तो उतार आडवा ओलांडून वर गेल्या, शिखरावर छायाचित्रे काढून घेतली आणि दुपारी सुखरूप तळावर उतरल्या. कडा कोसळला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, आणि भाच्याने पुढे केलेल्या चौकशीवरून पाहता त्या हंगामातही नाही.

होळीस भाचा पुसदला आला तो हा सल मनात घेऊनच. "मामा, दोन तुकड्या वर जाऊन आल्या. मग आमचाच माणूस शहाणा कसा?" असे त्याने मला विचारले, आणि संस्थेस धाडावयाचा तक्रार-अर्ज इंग्रजीत लिहून द्या, म्हणून गळ घातली. तीस वर्षे इंग्रजी शिकविणाऱ्या मनुष्यास असा अर्ज लिहिण्यात एक प्रकारची मौज वाटते, हे मी लपवीत नाही. मी तो एका बैठकीत लिहिला. त्यात, वाटाड्याने कोणतेही सबळ कारण न देता परत फिरण्याचा निर्णय लादला, अशा अर्थाचे एक वाक्य होते. वाक्य घोटीव होते, आणि खोटे होते. वाटाड्याने कारणे दिली होती. भाच्याने ती मला जेवताना सांगितलीही होती. दोन दिवस हिमवृष्टी झाली होती, वाऱ्याने धारेपलीकडचे बर्फ उडवून नेमके या उतारावर आणून टाकले होते, पाय ठेवता क्षणी आत कोठे तरी 'ढप्' असा आवाज दोनदा झाला होता, आणि आणखी तासाभरात त्यावर ऊन येणार होते. "वरचे बर्फ खालच्या बर्फाला धरून नाही," असे तो आपल्या हिंदीत म्हणाला होता. परंतु ही कारणे एका पहाडी मनुष्याने चार तुटक वाक्यांत सांगितलेली, आणि माझ्या लेखणीस तक्रार-अर्जाची ठराविक भाषा सवयीने आलेली. तेव्हा लेखणीचा जय झाला. संस्थेने निम्मे पैसे परत केले. पुढल्या वर्षी भाच्याचा एक मित्र त्याच संस्थेबरोबर गेला, तेव्हा तो वाटाड्या तेथे नव्हता. तक्रारी आल्यामुळे त्यास कामावरून कमी केले, असे मित्रास सांगण्यात आले. 'तक्रारी' हे अनेकवचन संस्थेने सौजन्याने वापरले असावे. मला ठाऊक असलेली तक्रार एकच होती.

त्यानंतर मी बर्फाविषयी वाचू लागलो. पश्चात्तापाने मनुष्य देवळात जातो तसा मी ग्रंथालयात गेलो, एवढेच.

जे वाचले त्यातील मुख्य भाग थोडक्यात सांगतो. आपण समजतो तसे डोंगरावरील बर्फ हे एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवृष्टी हा एक थर. त्यावर ऊन, वारा, थंडी यांचे संस्कार होऊन दुसऱ्या हिमवृष्टीपर्यंत त्याचे रूप पालटते. निरभ्र, कडाक्याच्या रात्री पृष्ठभागावर पिसासारखे नाजूक स्फटिक धरतात. थर पातळ असून वरची थंडी फार असेल तर आतील कणही साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात व एकमेकांस धरीत नाहीत. अशा दुबळ्या थरावर नवे बर्फ पडून, वाऱ्याने दाबले जाऊन त्याची फळी झाली, म्हणजे कोठारात सांडलेल्या ज्वारीवर फरशी ठेवावी तशी स्थिती होते. फरशी वरून भक्कम दिसते. तिच्यावर योग्य जागी एका मनुष्याचा भार पडला की खालचा थर कोसळतो, फट सर्रकन दूरवर धावत जाते, आणि सबंध उतार एकाएकी निसटतो. वाटाड्याने ऐकलेला 'ढप्' हा आवाज त्या खालच्या थराच्या खचण्याचा असतो, आणि जाणते लोक त्यास निसर्गाने दिलेली सर्वांत स्पष्ट सूचना मानतात.

यात दोन गोष्टींनी मी विशेष चकित झालो. एक अशी की, अतिशय उभ्या कड्यावर बर्फ फारसे साठत नाही, थोडथोडे झडून जाते. आणि अगदी सौम्य उतारावरून ते घसरत नाही. धोका आहे तो सुमारे ३० ते ४५ अंशांच्या उतारांत. आपल्या घरातील नेहमीचा जिना साधारण एवढ्याच चढाचा असतो. म्हणजे जेथे भय वाटावे तेथे भय थोडे, आणि जो उतार प्रवाशास चालण्याजोगा, किंबहुना मोहक वाटतो तोच घातक. दुसरी गोष्ट अशी की, बर्फाखाली गाडल्या जाणाऱ्या दहा प्रवाशांपैकी सुमारे नऊ जणांवर जो कडा कोसळतो, तो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने पाय ठेवून मोकळा केलेला असतो. डोंगर कोठून तरी येऊन अंगावर पडत नाही. आपणच त्याची कळ दाबतो. आणि मग जे गाडले जातात त्यांस वाचविणेही सोबत्यांच्याच हाती असते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे जगतात. अर्ध्या तासानंतर तिघांत एखादाच. श्वास कोंडून ती जातात. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ संपलेला असतो. म्हणून जाणती तुकडी प्रत्येकाजवळ ठावठिकाणा कळविणारे बिनतारी यंत्र, बर्फात खुपसून शोधण्याची लांब सळई आणि फावडे ठेवते, आणि धोक्याचा उतार एकेकाने ओलांडते, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्याकडे पाहात.

आता त्या दोन तुकड्या. त्या गेल्या आणि आल्या, यावरून काय सिद्ध झाले? भाच्याचे म्हणणे, उतार सुरक्षित होता हे सिद्ध झाले. पण दुबळा थर सर्वत्र सारख्या खोलीवर नसतो. वीस माणसे गेल्यानंतर एकविसाव्याचा पाय फळीच्या नेमक्या पातळ जागी पडून कडा सुटल्याची उदाहरणे आहेत. पावलांच्या खुणा एवढेच सांगतात की, कोणी तरी येथून गेले. ते का वाचले, हे त्या सांगत नाहीत. मी शिक्षक असल्यामुळे मला याची एक विपरीत परीक्षा आठवते. समजा, एखाद्या परीक्षकाने असा नेम केला की, दहापैकी नऊ चुकीच्या उत्तरांसही पूर्ण गुण द्यावयाचे, आणि दहाव्या चुकीबद्दल विद्यार्थ्यास जन्माचे शाळेबाहेर घालवायचे. अशा परीक्षेतून विद्यार्थी काय शिकेल? तो आपल्या चुकाच घोकून पक्क्या करील, आणि वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत गेल्यामुळे स्वतःस पंडित समजू लागेल. बर्फाचा उतार हा असा परीक्षक आहे. 'अनुभव हाच गुरू' असे आपण मुलांस सांगत आलो. पण शिष्याची चूक त्यास न दाखविता गप्प बसणाराही गुरू असू शकतो, हे कोणी सांगितले नाही.

इयन मॅक्कॅमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेत १९७२ ते २००३ या काळात घडलेल्या अशा ७१५ अपघातांचा अभ्यास केला. मंडळी अज्ञानाने मेली असतील, अशी आपली कल्पना असते. त्यास आढळले ते निराळेच. कित्येकांस बर्फाचे रीतसर शिक्षण मिळालेले होते, धोक्याची चिन्हे डोळ्यांसमोर होती, आणि तरीही ते गेले. उतार ओळखीचा होता. इतक्या दुरून आल्यावर परत कसे जावे, असे वाटत होते. कोणी तरी अनुभवी पुढे होता. दुसरे लोक आधीच गेलेले दिसत होते. ओळखीच्या उतारावर तर शिकलेल्यांनी न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करलेला दिसला. हे वाचताना, मी डोंगर न चढताही या सर्व पायऱ्या अनेकदा चढलो आहे, असे मला वाटले. संसारातील, नोकरीतील, सार्वजनिक कामांतील किती निर्णय आपण पुढच्याच्या पावलांवर पाऊल ठेवून घेतो, आणि निभावले म्हणजे त्यास विचार असे नाव देतो!

या बाबतीत एव्हरेस्टवरील १९२२ सालची हकीकत मला सर्वांत बोधक वाटते, कारण तिच्यातील प्रमुख पुरुष मूर्ख नव्हता, भित्रा नव्हता आणि निष्काळजीही नव्हता. जॉर्ज मॅलरी हा इंग्लंडातील एका नामांकित शाळेत मास्तर होता. त्या वर्षी ७ जून रोजी, मोठ्या हिमवृष्टीनंतर एक दिवस ऊन पडलेले पाहून, मॅलरी, सॉमरवेल व क्रॉफर्ड हे तिघे आणि १४ हमाल उत्तर खिंडीच्या उतारावर चढू लागले. उतार ओळखीचा होता; त्याच मोसमात त्यावरून अनेकदा जाणे-येणे झाले होते. धोक्याची शंका मॅलरीच्या मनास शिवली नव्हती असेही नाही. खालच्या अधिक उभ्या भागावर त्याने बर्फाची परीक्षा घेतली, ते हलले नाही, तेव्हा पुढे निर्धास्त जावे असे ठरले. दुपारी दोनच्या आत कडा सुटला. तिघे गोरे लोक बर्फाच्या पृष्ठभागावर येऊन वाचले. मागच्या दोरांवरील नऊ हमाल एका हिमभिंतीवरून खालच्या भेगेत फेकले गेले. त्यांतील सात मरण पावले. मॅलरीने पत्रांतून हा दोष आपला असल्याचे कबूल केले. सॉमरवेल, जो पुढे त्रावणकोरातील नेय्यूर येथे अनेक वर्षे रुग्णांची सेवा करीत राहिला, त्याच्या मनास असे लागून राहिले की, आपल्यापैकी एखादा तरी त्यांच्याबरोबर का गेला नाही. निदान त्यांच्या सोबत्यांस कळले असते की, आपण मरणातही त्यांचे वाटेकरी आहोत. हा सॉमरवेलचा विचार मला शिखर चढण्याहून मोठा वाटतो. आणि तरीही माझ्या मनात असे येते की, त्या दिवशी कडा सुटला नसता तर? तीच परीक्षा, तेच अनुमान, तीच माणसे. ग्रंथांत मग मॅलरीच्या सावधपणाची वाखाणणी छापून आली असती.

निसटता प्रसंग आणि घडलेला अपघात यांत कर्त्याने केलेली गोष्ट एकच असते, परंतु आपण एकास शाबासकी देतो व दुसऱ्यास दोष. बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी १९७६ साली या कोड्यास 'नैतिक दैव' असे नाव दिले, आणि तेव्हापासून पंडितांत त्यावर वाद चालू आहे. नाव नवे असले तरी कोडे आपल्या ओळखीचे आहे. महाभारताच्या अखेरीस पांडव हिमालयाची वाट चालू लागतात आणि एकामागून एक पडतात. प्रथम द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो, हा का पडला? आणि धर्मराज कारण सांगतो: हिचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता, यास आपल्या बुद्धीचा गर्व होता, त्यास रूपाचा. मागे न पाहता चालत राहणारा, पडलेल्याचा दोष सांगतो. लहानपणी हा भाग ऐकताना मला धर्मराजाचा न्याय थोर वाटे. आता वाटते, तो अद्याप पडला नव्हता म्हणून त्यास हे सांगता आले. २०२२ च्या ४ ऑक्टोबरला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी ज्या शिखरावर हिमकड्याखाली सापडली आणि जेथे २७ मृतदेह हाती लागले, त्या शिखराचे नाव 'द्रौपदी का दांडा' असे आहे. त्यात शिकावयास आलेली तरुण मुले होती आणि शिकविणारे निष्णात लोकही होते. वार्ता आली त्या संध्याकाळी आमच्या येथील वाचनालयात दहा मिनिटांत पाच जणांनी पाच कारणे सांगितली. त्यांतील एकानेही कधी बर्फ पाहिले नव्हते.

मग कर्माची परीक्षा कशावरून करावयाची? फळावरून नव्हे, हे तर ठरलेच. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त बाह्य परिणामांवर नीतीची इमारत उभारणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांचे खंडन करून कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही हे पाहावे, असा सिद्धांत मांडला आहे. तरुणपणी त्या प्रतिपादनाने मी भारावून गेलो होतो, आणि आजही त्याचे मोल मला कमी वाटत नाही. पण बर्फावर ते मला अपुरे पडते. मॅलरीची बुद्धी शुद्ध होती. अर्ज लिहिताना माझीही बुद्धी दुष्ट नव्हती. मला भाच्याचे समाधान करायचे होते, आणि त्या वाटाड्याविषयी यत्किंचित वैर नव्हते. शुद्ध बुद्धीने मी एका मनुष्याची भाकरी काढून घेतली. तेव्हा फळ आणि हेतू यांच्यामध्ये आणखी काही तरी पाहिले पाहिजे: कर्त्याने निर्णय घेण्यापूर्वी काय काय पाहिले, काय पाहण्याचे टाळले, आणि जे दिसले त्यास त्याच्या स्वतःच्या इच्छेविरुद्धही किती मान दिला. वाटाड्याने खणून पाहिले, धारेकडे पाहिले, आवाज ऐकला. त्या दोन तुकड्यांनी, भाच्याच्या सांगण्यावरून, फक्त एकमेकांकडे पाहिले. शिखर कोणास मिळाले ही गोष्ट निराळी.

भाचा हुशार आहे. त्याने यावर मला पेचात धरले. "मामा, तुमच्या या हिशेबाने परत फिरणारा नेहमीच बरोबर. कडा कोसळला तर तो शहाणा, न कोसळला तरी शहाणाच. मग घराबाहेर तरी कशाला पडावे?" आक्षेप खरा आहे. परत फिरण्यास पुरावा नसतो. पुढे जाणाऱ्याची चूक झाल्यास ती जगास दिसते. परत फिरणाऱ्याचे शहाणपण कधीच दिसत नाही, कारण जे टळले त्याचे छायाचित्र काढता येत नाही. आणि म्हणूनच भित्रा व विवेकी हे दोघे बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक एवढाच शोधता येतो की, विवेकी मनुष्य कारण आधी सांगतो, ते आजच्या या उतारापुरते सांगतो, आणि कारण नाहीसे झाले तर तो जातो. माझ्या भाच्याच्या वाटाड्याने आदल्याच दिवशी याच मंडळींस एका अरुंद, भयंकर दिसणाऱ्या धारेवरून नेले होते. तेथे दोघी मुली रडू लागल्या असताही तो थांबला नव्हता, कारण त्या धारेवर बर्फ घट्ट होते. भित्रा मनुष्य धारेवर थांबला असता आणि उतारावर गेला असता. ही गोष्ट मी भाच्यास दाखविली तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे अर्जात लिहायला हवे होते." त्याचे हे म्हणणे मला लागले, आणि लागावे असेच होते.

स्वतःचा प्राण पणास लावण्याचा मनुष्यास अधिकार आहे की नाही, या प्रश्नावर नीतिशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तो फारसा कठीण वाटत नाही. प्रौढ मनुष्याने समजून-उमजून डोंगरावर जावे. त्याच्या आईने रडावे. दोघेही आपापल्या जागी योग्य आहेत. कठीण प्रश्न दोराच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्यांचा आहे. १९२२ साली दोराच्या मागल्या टोकास हमाल होते. २०१४ च्या १८ एप्रिलला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातावर बर्फाचा प्रचंड तुकडा कोसळून १६ माणसे गेली, ती सर्व नेपाळी. दुसऱ्यांच्या चढाईसाठी ओझी नेणारी आणि वाट बांधणारी. मोबदला घेऊन धोका पत्करणाऱ्यास स्वेच्छेने गेला असे म्हणता येते, पण त्या स्वेच्छेत मुलांच्या शाळेची फी किती आणि शिखराची हौस किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. सैनिकाची गोष्ट आणखी निराळी. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचिनवर सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरील चौकी हिमकड्याखाली गडप होऊन दहा जवान गेले. हणमंतप्पा कोप्पद हा सहा दिवसांनी जिवंत सापडला आणि दिल्लीच्या रुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा एक जवान होता. माण म्हणजे पाण्याच्या थेंबासाठी आभाळाकडे डोळे लावणारा मुलूख. तेथील मुलगा गोठलेल्या पाण्याखाली गेला. त्यास उतार ओलांडायचा की नाही, हे कोणी विचारले नव्हते, आणि तो त्याच्या कर्तव्याचाच भाग होता. हौशी मनुष्यास मात्र विचारले जाते. भाच्याच्या वाटाड्याच्या बाबतीत तर असे की, परत फिरल्यास त्याचा रोजगार जाणार, हे त्यास आमच्याहून चांगले ठाऊक असले पाहिजे. दहा-बारा परक्या मुलांच्या जिवासाठी त्याने तो पणास लावला, आणि ती मुले जिवंत असल्यामुळेच तक्रार करू शकली.

मी त्यास पत्र लिहिले. भाच्याने पत्ता मिळवून दिला. संस्थेसही लिहिले की, अर्जातील अमुक वाक्य माझे आहे व ते वस्तुस्थितीस सोडून आहे. संस्थेने पोच दिली. वाटाड्याचे उत्तर आलेले नाही. त्यास वाचता येते की नाही, हेही मला माहीत नाही.

गेल्या ऑगस्टात मी उमरखेडच्या बाजूहून पुसदला एस.टी.ने परत येत होतो. याच तालुक्यात, दहागावच्या नाल्यावर, २०२१ च्या २८ सप्टेंबरला पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एक बस वाहून गेली होती आणि तीत माणसे दगावली होती. आमच्या भागात पावसाळ्यात एस.टी.त बसणारा प्रत्येक जण ती गोष्ट मनात बाळगून असतो. त्या संध्याकाळी एका लहान फरशी पुलावरून गढूळ पाणी चालले होते. किती खोल, ते दिसत नव्हते. चालकाने गाडी अलीकडेच उभी केली. पाऊण तास झाला. मग मागून एक जीप आली, क्षणभर थांबली, आणि पाण्यातून फवारे उडवीत पलीकडे निघून गेली. बसमध्ये एकच गलका झाला. "गेली की ती! आपली तर मोठी गाडी आहे." एका गृहस्थांस रात्रीच्या मुक्कामाची चिंता होती, एका बाईचे लेकरू तापाने फणफणले होते, कारणे सगळी खरी होती. चालक तरुण होता. त्याने मागे वळून पाहिले आणि, माझ्या पांढऱ्या केसांमुळे की हातातील पुस्तकामुळे कोण जाणे, मलाच विचारले, "सर, काय करू?"

मी त्यास विचारले, "तुम्हाला काय दिसते?"

तो म्हणाला, "पुलाचे कठडे दिसत नाहीत, सर. आणि पाणी अजून चढते आहे."

"मग ते या सर्वांस मोठ्याने सांगा," मी म्हणालो. त्याने सांगितले. गलका काही लगेच थांबला नाही. दोघे तर शिव्या देत उतरून मागे चालू लागले. पाणी रात्री साडेदहाच्या सुमारास उतरले, आणि पूल होता तसाच जागेवर होता.